मधुमेह हा श्रीमंतांचा रोग नव्हे

आश्विनी पौर्णिमेच्या आदल्या रात्रीं सोलापुराहून तुळजापुराकडे येणारी सडक ज्यानें एकदां पाहिली त्यास ती विसरतां येणें कठीण आहे. दसऱ्यानंतर देवीची श्रमनिद्रा असते. पौर्णिमेस ती पुनः सिंहासनावर येते, आणि त्या दर्शनासाठीं सोलापूर प्रांतांतून व कर्नाटकांतून लक्षावधि माणसें पायीं निघतात. सुमारें 45 किलोमीटरांची ही वाट. त्यांत म्हातारे असतात, कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया असतात, आणि किती तरी जण अनवाणी असतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकींहि कांहीं त्या गर्दींत असतात व मागाहून वर्गांत लंगडत येतात. त्या दिवशीं आम्ही गृहपाठ विचारीत नाहीं.

ह्या वाटेनें आलेल्या एका गृहस्थांची हकीकत सांगून आम्ही आमच्या विषयाकडे वळतों. हे आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील. वय चाळिशीच्या पुढें थोडें, अंगानें काटकुळे. पूर्वीं स्वतःची शेती कसणारे, पण अलीकडे शेत वाट्यानें देऊन दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसणारे. नवस म्हणून ते सोलापुराहून अनवाणी चालत आले. चौथ्या दिवशीं घरांतील फरशीवर त्यांच्या पत्नीला रक्ताचे ठसे दिसले. तळव्यांत खडा रुतून जखम झाली होती, ती चिघळली होती, आणि गृहस्थांस तिचा पत्ताच नव्हता! दवाखान्यांत रक्त तपासलें तेव्हां साखर कळून आली. पायाचीं दोन बोटें काढावीं लागलीं. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां ते म्हणाले, “सर, मला साखर होईलच कशी? मी गोडाचा शौकी नाहीं, आणि माझ्या अंगावर मांस तरी कुठें आहे?”

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाहीं. आमच्या तालुक्यांत बहुतेकांची समजूत अशीच आहे कीं, मधुमेह हा शहरांतील धनिकांचा, ढेरपोट्यांचा आणि मिठाई खाणारांचा रोग. कष्टकऱ्याच्या वाटेस तो जात नाहीं. ही समजूत एका काळीं थोडीफार खरी असेलहि. आज ती घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें देशभर केलेल्या पाहणीचे आंकडे 2023 सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें भारतांत 10 कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे, आणि सुमारें 13 कोटी 60 लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. एवढे धनिक आपल्या देशांत कोठून आणावयाचे?

मधुमेह म्हणजे काय, हें विद्यार्थ्यांनीं एका साध्या प्रयोगावरून समजून घ्यावें. भाकरीचा कोरडा घांस तोंडांत घ्यावा व न गिळतां दोनतीन मिनिटें चावीत राहावें. हळूहळू तो गोड लागूं लागतो. भाकरींत कोणी साखर घातलेली नसते. लाळेमुळें पिठाची साखर होऊं लागते. आंतड्यांत हेंच काम पुरें होतें. तेव्हां चहांत साखर न घालणारा मनुष्यहि भात, पोळी, साबुदाणा, बटाटा जें कांहीं खाईल त्याची साखर त्याच्या रक्तांत येतेच. ती येणें हा रोग नव्हे. तिच्यावांचून शरीराचें चालणार नाहीं. खरा प्रश्न ती रक्तांतून पुढें कोठें जाते हा आहे. जेवणानंतर स्वादुपिंड इन्शुलिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतें, आणि त्याच्या हुकमानें ही साखर मुख्यतः स्नायूंत व यकृतांत सांठविली जाते. स्नायू मुळांतच थोडे असले, किंवा बसून बसून आळसावले, आणि यकृतांत चरबी सांचली, म्हणजे तो हुकूम नीट ऐकला जात नाहीं. स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडून कांहीं वर्षें वेळ मारून नेतें. पुढें तेंहि थकतें. मग साखर रक्तांतच रेंगाळते आणि डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडें, हृदय व पायांचे ज्ञानतंतू मुकाट्यानें पोखरीत राहते. आमच्या त्या गृहस्थांचे तळवे बधिर झाले ते कांहीं एका रात्रीच्या चालण्यानें नव्हे. तें काम कित्येक वर्षें त्यांच्या नकळत चाललें होतें.

पण काटकुळ्या माणसाच्या पोटांत चरबी येते कोठून? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत महाराष्ट्रानें मोठा वांटा उचलला आहे, आणि तें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें असें आम्हांस वाटतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं 1993 सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास आरंभिला. लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचीं वजनें व मापें घ्यावयाचीं, त्या गरोदर राहिल्यावर त्यांच्या आहाराची नोंद ठेवावयाची, आणि जन्मलेल्या मुलांवर पुढें वर्षानुवर्षें लक्ष ठेवावयाचें, असें हें चिकाटीचें काम होतें. ह्या खेड्यांतील नवजात मुलांचें वजन सरासरी 2.7 किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या मुलांचें 3.5 किलो. येथवर आश्चर्य नाहीं. आश्चर्य पुढेंच आहे. आपल्या मुलांचे हातपाय बारीक, पोटांतील अवयव लहान, स्नायू थोडे. परंतु कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नव्हती. दिसावयास किडकिडीत आणि आंतून स्निग्ध, असें हें बालक जन्मास येतें. आईच्या पोटीं अन्न अपुरें पडलें असतां गर्भ मेंदू सांभाळतो, थोडी चरबी राखतो आणि काटकसर स्नायूंत करतो, असें संशोधकांचें म्हणणें आहे.

हेंच पुढें 2004 सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत एका गमतीच्या छायाचित्रानें दाखविलें गेलें. त्यांत स्वतः याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारीं शेजारीं उभे आहेत. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिन ह्यांच्या शरीरांत चरबी शेंकडा 9.1, आणि याज्ञिक ह्यांच्या शरीरांत शेंकडा 21.2! तराजूनें जें सांगितलें नाहीं तें यंत्रानें सांगितलें. म्हणून ‘मी बारीक आहें’ एवढ्यावर कोणीं स्वस्थ बसूं नये. कमरेचा घेर मोजावा. आपल्याकडे पुरुषाचा घेर 90 सेंटीमीटर व स्त्रीचा 80 सेंटीमीटर ह्यापुढें जाऊं नये, असें डॉक्टर सांगतात. शिंप्याची फीत प्रत्येक गांवांत असते.

ह्या पुण्याच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट आढळली. ज्या गरोदर स्त्रियांच्या खाण्यांत हिरवी पालेभाजी, दूध व फळें वरचेवर येत त्यांचीं मुलें जन्मतः अधिक सुदृढ होतीं. हें वाचून पालकांनीं क्षणभर आपल्या स्वयंपाकघरांत डोकावावें. आमच्याकडे मेथी, चुका, अंबाडी, शेपू कांहीं दुर्मिळ नाहीं; पण ती भाजी कोणाच्या ताटांत किती पडते? पुरुष आधीं जेवतात, मग मुलगे, मग मुली, आणि शेवटीं सून. आणि सुनेच्या वाट्याला बहुधा भाकरी, चटणी व भांड्याच्या कडेस चिकटलेलें कालवण येतें. तीच सून पुढें आई होते. दहावी होतांच मुलीचें लग्न उरकणाऱ्या आणि तिचें दूध बंद करून भावाचा पेला भरणाऱ्या पालकांस आम्ही नम्रपणें पण निक्षून सांगतों कीं, नातवाच्या मधुमेहाची तयारी ते आजच करीत आहेत. ह्या बाबतींत गोड बोलण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

जन्म कांहीं आपल्या हातीं नसतो. पण उरलेली गोष्ट पुष्कळ अंशीं असते, ती म्हणजे चालणें. हें ज्ञान नवें नाहीं. मूत्राकडे मुंग्या धांवतात ही मधुमेहाची खूण आपल्या प्राचीन वैद्यांनीं नोंदून ठेवली आहे. सुश्रुतानें तर ह्या रोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मतःच येणारा, ज्यांत मनुष्य कृश असतो, आणि दुसरा अपथ्यानें होणारा, ज्यांत तो स्थूल व सुखासनप्रिय असतो. त्याचा उपाय वाचण्यासारखा आहे. निर्धन रोग्यानें जोडा व छत्री टाकून, भिक्षा मागत, एका गांवीं एकच रात्र राहत शंभर योजनें चालावें. दुसऱ्यानें गाईंच्या मागें हिंडावें. तिसऱ्यानें नांगर धरावा किंवा विहीर खणावी. आणि धनवानानें सांवा व देवभातासारखीं रानधान्यें आणि आंवळ्यासारखीं फळें ह्यांवर राहावें. मात्र अनवाणी चालण्याचा सल्ला तेवढा आज कोणीं पाळूं नये. कां, तें पुढें येईल.

सुश्रुताचें हें मत आधुनिक शास्त्रानें मोजून पाहिलें आहे. अमेरिकेंत रोगाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचा निकाल 2002 सालीं लागला. आहार सुधारून ज्यांनीं वजन शेंकडा 7 नें उतरविण्याचा व आठवड्यास 150 मिनिटें भरभर चालण्याचा नेम धरला, त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा 58 नें घटलें. औषध घेणारांत तें शेंकडा 31 नेंच घटलें. पण आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो तो चेन्नईचा प्रयोग, जो 2006 सालीं प्रसिद्ध झाला. कारण तो आपल्यासारख्यांवर झाला. तेथें चालणें व आहार ह्यांच्या नियमानें रोगाचें प्रमाण शेंकडा 28.5 नें कमी झालें. आणि विशेष हें कीं, त्या लोकांचें वजन फारसें उतरलेलें नव्हतें. म्हणजे बारीक माणसालाहि चालण्याचा लाभ आहे. स्नायू कामास लागले कीं रक्तांतील साखर ओढून घेतात, मग कांटा हलो वा न हलो.

परंतु हा लाभ टिकतो किती? एका चालण्याचा गुण एक-दोन दिवस राहतो, पुढें ओसरतो. तेव्हां आश्विनांत एका रात्रीं 45 किलोमीटर चालून उरलेलें वर्ष गल्ल्यावर बसणाऱ्यास त्या पायपिटीचें पुण्य जें कांहीं मिळावयाचें तें मिळो, आरोग्य मिळत नाहीं. आमच्या वडिलांच्या पिढीला व्यायाम हा शब्द ठाऊक नव्हता. पाणी आडावरून आणावयाचें, जळण रानांतून, दळण जात्यावर, आणि बाजाराला पायीं जावयाचें. तीं कामें गेलीं हें चांगलेंच झालें. जात्याचें कौतुक जात्यावर न बसलेल्यांनींच करावें. पण कामें गेलीं आणि ताटांतील भाकऱ्यांची चळत तेवढीच राहिली, हा हिशेब मात्र कोणीं केला नाहीं.

चळत तेवढीच राहिली असें म्हटलें, पण तीहि बदललीच. आमच्या जिल्ह्यांतील ज्वारीच्या रानांत सोयाबीन आलें. घरांत भाकरीच्या जागीं दोन्ही वेळां गव्हाची पोळी व पांढरा भात आला, आणि ज्वारी ही ‘गरिबाची’ म्हणून मागें पडली. ज्वारी हें कांहीं औषध नव्हे. तिचीहि साखर होतेच, हें आपण घांस चावून पाहिलें. पण तिच्यांत कोंडा असतो, ती सावकाश पचते, आणि तिच्यासंगें पिठलें, उसळ, पालेभाजी येतात. पांढऱ्या भाताबरोबर नुसतें पातळ वरण येतें. ताटांत निम्मी भाजी, पाव भाग डाळ-उसळ आणि पाव भाग धान्य असावें असें डॉक्टर सांगतात. आमच्या ताटांत धान्यच तीन भाग असतें.

नवरात्रांतील उपवासाविषयीं एक शब्द बोलतों, राग नसावा. भावनेविषयीं आम्हांस आदर आहे. आमचें बोलणें केवळ ताटाविषयीं आहे. नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले वेफर आणि वरून गोड शेंगदाण्याचा लाडू, ह्याला उपवास म्हणावें तर मेजवानी कशास म्हणावें? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यांत ना कोंडा, ना प्रथिन. भगर, राजगिरा, ताक, काकडी, एखादें फळ ह्यांवर उपवास तितकाच घडतो. गुळाविषयींहि एक भ्रम आहे कीं साखर वाईट व गूळ निर्दोष. रक्तांत गेल्यावर दोहोंत फारसा भेद राहत नाहीं.

आतां शाळेकडे येतों. शाळेच्या फाटकाबाहेर मधल्या सुटींत काय विकलें जातें तें प्रत्येक पालकानें एकदां येऊन पाहावें. रंगीत पेयाच्या 300 मिलिलिटरच्या बाटलींत 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती चमच्यानें मोजली तर सहासात चमचे भरेल. कोणत्या आईनें मुलाच्या पेल्यांत सात चमचे साखर घातली असती? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें 2025 सालीं आपल्या शाळांस ‘साखर फलक’ लावावयास सांगितलें, ज्यावर कोणत्या पदार्थांत किती साखर हें लिहिलेलें असेल. कल्पना चांगली आहे, आणि तिच्यासाठीं कोणत्याहि मंडळाच्या आज्ञेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. एक फळा, एक खडू आणि चित्र काढणारा एक विद्यार्थी, एवढ्यावर तें काम भागतें.

पण फळ्यानें होणार नाहीं असें एक काम आहे, आणि त्यांत दोष आम्हां शिक्षकांचाहि आहे. वेळापत्रकांत खेळाचा तास लिहिलेला असतो. परीक्षा जवळ आली कीं तो गणितास दिला जातो, आणि आजकाल परीक्षा नेहमींच जवळ आलेली असते. पालक ह्याबद्दल तक्रार करीत नाहींत, उलट धन्यवाद देतात. मुलगा सायंकाळीं शिकवणीस जातो तो मोटारसायकलवर बसून, घरीं येऊन मोबाईल घेऊन बसतो, आणि रात्रीं उशीरा निजतो. झोंप अपुरी झाली तरी इन्शुलिनचें काम बिघडतें. मुलींचें मैदान तर बहुतेक ठिकाणीं आठवीनंतर बंदच होतें. मुलें व किशोर ह्यांनीं रोज निदान एक तास अंग हलवावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो तास काढून घेऊन मिळविलेले गुण फार महाग पडतात, असें आमचें मत आहे, आणि आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांना तें आवडणार नाहीं हेंहि आम्ही जाणतों.

पालकांस स्वतःचा धोका घरबसल्या अजमावतां येतो. चेन्नईच्या संशोधकांनीं त्यासाठीं 100 गुणांचें एक कोष्टक केलें आहे. ह्या परीक्षेंत गुण जितके कमी तितकें बरें. वय 35 ते 49 असल्यास 20 गुण, 50 व त्यापुढें 30. आईबापांपैकीं एकास मधुमेह असेल तर 10, दोघांसहि असेल तर 20. कमरेचा घेर मर्यादेपलीकडे असेल तर 10 किंवा 20. आणि बैठें जीवन असून व्यायाम मुळींच नसेल तर 30. बेरीज 60 किंवा अधिक झाली तर रक्त तपासलेंच पाहिजे. आमच्या त्या गृहस्थांची बेरीज आम्हीं केली. वयाचे 20, मातोश्रींस मधुमेह होता त्याचे 10, घेराचें शून्य, आणि बसण्याचे 30, झाले 60. ते शेतावरच असते तर 30 वरच थांबले असते.

तपासणी सोपी आहे. उपाशीपोटीं रक्तांतील साखर 100 मिलिलिटरांत 126 मिलिग्रॅम किंवा अधिक भरली तर मधुमेह; 100 ते 125 म्हणजे उंबरठा, असें पुष्कळ डॉक्टर मानतात. दुसरी तपासणी मागच्या दोनतीन महिन्यांचा हिशेब सांगते, तिच्यांत 6.5 किंवा अधिक म्हणजे मधुमेह. एकाच तपासणीवर निर्णय न करतां डॉक्टर बहुधा ती पुनः करून पाहतात. तीस वर्षांवरील माणसांची ही चौकशी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य करण्याची योजना आहे. उंबरठ्यावर असतां कांहींहि दुखत नाहीं, आणि म्हणूनच कोणी जात नाहीं. ‘साखर मुळासकट घालविणाऱ्या’ भुकट्या विकणारांकडे मात्र लोक बोलावल्यावांचून जातात. कारल्याच्या रसानें इन्शुलिनची किंवा गोळीची जागा भरून निघत नाहीं.

एक गोष्ट विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगावयाची आहे. कांहीं मुलांना लहानपणींच मधुमेह होतो तो निराळा. त्यांत शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून स्वादुपिंडांतील पेशी नष्ट करते. त्यांत मुलाचा, आईचा, खाण्याचा कोणाचाहि दोष नसतो, आणि तो संसर्गानें होत नाहीं. 1922 च्या जानेवारींत कॅनडांतील टोरांटो येथें लेनर्ड थॉम्प्सन ह्या मुलास इन्शुलिनचें पहिलें इंजेक्शन मिळालें. त्यापूर्वीं अशीं मुलें थोड्याच काळांत दगावत. तुमच्या वर्गांत असा सोबती असेल तर त्यानें इंजेक्शन घेतांना टक लावून पाहूं नये, आणि त्यास घाम सुटून तो थरथरूं लागला तर साखर किंवा गोड पेय देऊन ताबडतोब शिक्षकांस बोलवावें. नवसासाठीं वा उपवासासाठीं त्याचें इन्शुलिन बंद करण्याची गोष्ट घरांतील कोणीहि मनांत आणूं नये.

आतां अनवाणी चालण्याविषयीं. ज्यास मधुमेह आहे त्याचे तळवे बधिर असूं शकतात. त्याला खडा टोंचत नाहीं, तापलेली डांबरी सडक भाजत नाहीं, फोड फुटल्याचें कळत नाहीं. अशा माणसानें अनवाणी चालूं नये. मऊ मोजे, पायांस बसणारा जुना सरावाचा जोडा, आणि रोज रात्रीं तळव्यांची पाहणी, एवढें अवश्य करावें. ज्यानें कधीं रक्तच तपासलें नाहीं त्यानें निघण्यापूर्वीं तें तपासून घ्यावें.

आमचे ते गृहस्थ आतां रोज पहाटे जोडा घालून चालतात आणि दुपारीं गल्ल्यावर मुलाचा चुलता बसतो तेवढा वेळ शेतावर जातात. गेल्या आश्विनांत ते सोलापुराहून आले नाहींत. डॉक्टरांनीं परवानगी दिली तेवढेच, म्हणजे घाटाच्या पायथ्यापासून वर, ते आपल्या मुलाबरोबर चालत आले. वर आल्यावर कट्ट्यावर बसून त्यांनीं जोडा काढला, आणि मुलानें दप्तरांतून लहान आरसा काढून विजेरीच्या उजेडांत त्यांचे तळवे पाहिले. मग दोघे दर्शनाच्या रांगेंत उभे राहिले.